जेवलेला तीन

परवा आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या दारात हुरडा आला. प्लास्टिकच्या पिशवीत, वजन करून, वर लेबल चिकटवून. सूनबाईंनी तो मायक्रोवेव्हमध्ये गरम केला आणि वाटीत घालून समोर ठेवला. ही हुरड्याची थट्टा आहे असं मी मोठ्यांदा म्हणालो, आणि दोन वाट्या संपवल्या. हुरडा म्हटलं की लोकांना शेत आठवतं, आगटी आठवते, गोवऱ्यांचा धूर आठवतो. मला ग्रीस आठवतं. ग्रीस, इंजिनातून झाडलेला कोळसा, आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवलेल्या ब्रशांचा तो नाकात चढणारा वास. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हुरडा मी शेतात खाल्लेलाच नाही. मी तो रेल्वेच्या यार्डात, आजारी वाघिणींच्या शेजारी बसून खाल्ला.

आणीबाणी उठल्यानंतरचा पहिला हिवाळा होता तो. मी तेव्हा सोलापूरच्या मालयार्डात नंबर टेकर होतो. आता हे पद कुणाला सांगून कळत नाही. मालगाडी यार्डात शिरायला लागली की रुळांच्या कडेला पुठ्ठा, कार्बन आणि पेन्सिल घेऊन उभं राहायचं आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक वाघिणीचा नंबर लिहून घ्यायचा. मालगाडीच्या डब्याला आम्ही वाघीण म्हणतो. जंगलातल्या वाघिणीशी तिचं साम्य एवढंच, की दोन वाघिणींच्या मध्ये माणसानं उभं राहू नये. पन्नास-पन्नास वाघिणींची गाडी असे. थांबल्यावर लिहून घ्यायची मुभा होती, पण मी थांबायची वाट बघत नसे. गाडी थांबते न थांबते तोच माझी यादी तयार, आणि त्यात एक आकडा इकडचा तिकडे नाही. मोहोळहून आलेला सव्वीस वर्षांचा पोरगेला कारकून मी, पण या एका बाबतीत मला गर्व होता, आणि तो मी लपवत नव्हतो.

यार्डाच्या एका टोकाला सिक लाइन होती. कुणाची स्प्रिंग तुटलेली, कुणाचं दार निखळलेलं, अशा वाघिणी तिथं दुरुस्तीसाठी लावून ठेवत. शेजारी एक कडुनिंब. दुपारी एक वाजता त्या झाडाखाली आमची बैठक भरायची. यजमान म्हणजे इरप्पामामा. सिक लाइनचे पेंटर. अक्कलकोटकडचे लिंगायत, घरात कानडी, बाहेर मराठी, कपाळावर विभूती आणि नखांत कायम पांढरा रंग. भावाच्या शेतातली गूळभेंडी ज्वारीची कणसं ते पोत्यातून आणायचे. इंजिनातून झाडलेले निखारे फावड्यावर घेऊन त्यावर ती भाजायची, पोत्यावर चोळायची, आणि सोबत शेंगाचटणी. कोळशावर हुरडा भाजू नये, त्याला गोवरीच लागते, हे मलाही कळतं. पण त्या हुरड्याला जी चव होती ती परत मिळाली नाही.

बाकीचे दोघे म्हणजे युसुफभाई आणि नरसय्या. युसुफभाई मालगाडीचे गार्ड; शेवटच्या डब्यात एकट्यानं रात्रंदिवस बसून बसून त्यांना माणसं दिसली की बोलायची घाई व्हायची. नरसय्याचा रेल्वेशी काडीचाही संबंध नव्हता. तो तेलुगू विणकर, चादरीच्या मागावर काम करायचा. पण लहानपणी त्याचं घर रुळांलगत होतं आणि ते वेड काही सुटलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सायकल हाणत यायचा, फाटकाच्या कडेनं आत शिरायचा आणि वाघिणींच्या चाकांना हात लावून मग बसायचा. देवळात पायरीला लावतात तसा. त्याला कुणी हटकलं नाही, कारण त्याला आमच्यापेक्षा जास्त माहिती होती.

काय बोलायचो आम्ही? वाघिणींबद्दल बोलायचो. आज सांगितलं तर हसाल, पण चार शहाणी माणसं तासभर एका जुन्या दाराच्या कडीबद्दल बोलू शकतात, हे मी अनुभवलं आहे. तेव्हा लाकडी फळ्यांच्या चारचाकी वाघिणी अजून धावत होत्या, इंग्रजांच्या काळातल्या. लोखंडी सांगाड्यात बसवलेल्या सागवानी फळ्या, ऊन-पाऊस खाऊन राखेच्या रंगाच्या झालेल्या. सांगाड्यावर कुठल्या तरी परदेशी कारखान्याची बिडाची पाटी असायची, बोटांनी चाचपून वाचावी लागे. युसुफभाई सांगायचे, अशा वाघिणींची गाडी असली तर त्यांना डोळे मिटूनही कळायचं. लोखंडी वाघीण खडखडते, लाकडी बोलते. मला आधी हे कौतुक वाटायचं, म्हणजे उगाच केलेलं कौतुक. मग एकदा त्यांच्याबरोबर मी मोहोळपर्यंत गार्डाच्या डब्यातून गेलो, आणि ऐकलं. ज्वारीच्या शिवारातून जाताना त्या फळ्या खरंच एकमेकींशी हळू आवाजात कुरकुरत होत्या. त्या दिवसापासून मी युसुफभाईंच्या कुठल्याही बोलण्यावर शंका घेतली नाही.

आणि सिनेमा! सोलापूर म्हणजे सिनेमाचं वेड लागलेलं गाव. दर शुक्रवारी नवा खेळ. आम्ही सगळे बघायचो, पण आमचं बघणं वेगळं. लोक नायिकेचे डोळे बघत, आम्ही गाडीची चाकं. नायक काळ्या वाफेच्या इंजिनाच्या गाडीत बसतो, गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात त्याच गाडीला डिझेल लागलेलं असतं, आणि उतरताना पुन्हा वाफ. शिट्टी एका इंजिनाची, धूर दुसऱ्याचा. एका चित्रपटात डाकू सोन्यानं भरलेली वाघीण लुटतात. सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं, आणि नरसय्या ओरडला, "रिकामी हाय ती! स्प्रिंग बघा की!" भरलेल्या वाघिणीची स्प्रिंग वजनानं सपाट होते, रिकामीची कमानीसारखी वर असते. डाकूंना एवढंही कळू नये याचं त्याला मनापासून दुःख झालं होतं.

पण चुका काढणं हा आमचा मुख्य उद्योग नव्हता. खरं म्हणजे आम्ही दिपून जायचो. यार्डात रोज बघितलेली ती मळकी, कुबट वाघीण पडद्यावर एवढी मोठी होऊन आली की अंगावर काटा यायचा. आपल्या गल्लीतली बाई एकदम राणीच्या वेशात समोर यावी तसं वाटायचं. त्या वाघिणीला आपण ओळखतो, याचा अभिमान वाटायचा.

इरप्पामामांचं काम वाघिणीवरचे पुसट झालेले नंबर पुन्हा रंगवण्याचं. इंग्रजी आकडे, वीतभर उंच, पांढऱ्या रंगात. या कामाची एक रीत होती. नवा आकडा काढायचा नाही. आधीच्या पेंटरनं काढलेल्या पुसट रेघेवरूनच ब्रश फिरवायचा. वाघीण देशभर हिंडते. एकाच आकड्यावर मद्रासचा, दिल्लीचा, आसनसोलचा हात फिरलेला असतो आणि खाली कुठं तरी पहिल्या माणसाची रेघ असते. सगळे पेंटर ही रीत पाळत, फक्त इरप्पामामा पाळत नसत. दुसऱ्याचा वाकडा आकडा त्यांना बघवत नसे. "कोन्या आंधळ्यानं काडलाय ह्यो पाच? टोपी बगा त्येची, वाऱ्यानं उडाल्यावानी!" असं म्हणून पत्र्याच्या तुकड्यानं तो खरवडून काढत आणि आपला घालत. त्यांचे आकडे देखणे होते हे कुणीही कबूल करावं. विशेषतः तीन. त्यांच्या तीनचं खालचं पोट वरच्यापेक्षा बरंच मोठं असे. आम्ही त्याला जेवलेला तीन म्हणायचो. मीही यार्डात उभा असताना लांबून जेवलेला तीन दिसला की ओळखायचो, ही सोलापूरची माहेरवाशीण.

त्या जानेवारीअखेर मामा निवृत्त व्हायचे होते. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता. आणि ऑफिसातून पत्र्याचे साचे आले होते. यापुढं साचा धरायचा आणि वरून रंग मारायचा. आकडे सगळीकडे एकसारखे. मामांनी ते साचे खिळ्याला अडकवून ठेवले होते आणि त्यांच्याकडे पाठ करून काम करत. एकदा मला म्हणाले, "ड्रायवरचं नाव वहीत ऱ्हातं, गार्डाचं ऱ्हातं. पेंटरचं कुटं ऱ्हातंय? आमी सगळ्यांचे नंबर ल्हिनार, आमचा कोन ल्हिनार?" मी हसण्यावारी नेलं. सव्विसाव्या वर्षी माणूस बऱ्याच गोष्टी हसण्यावारी नेतो.

गड्ड्याची जत्रा सुरू झाली होती त्या आठवड्यात. रविवारी मामा घरच्यांना घेऊन जत्रेला गेले आणि येताना सिनेमाला. सोमवारी दुपारी कडुनिंबाखाली आले ते वेगळेच होऊन. हुरडा भाजायचं विसरले. म्हणाले, "माजी पयली वाघीण सिनेमात हाय."

चित्रपट कुठला ते सांगत नाही, तो काही लक्षात ठेवण्यासारखा नव्हता. त्यात एक प्रसंग होता. नायक इकडच्या फलाटावर आपल्याकडे तोंड करून उभा आहे, त्याच्या पाठीमागे पलीकडच्या फलाटावर नायिका. मधून मालगाडी जाते. गाडी सरते तेव्हा नायिका तिथं नसते. त्या मालगाडीत, इंजिनापासून नववी, एक लाकडी वाघीण होती. मामांचं म्हणणं, ती तीन-चार-आठ-सात नंबरची. नोकरीला लागल्यावर त्यांच्या उस्तादांनी हातात ब्रश देऊन "घाल" म्हणून सांगितलेली पहिली वाघीण. पस्तीस वर्षांपूर्वीची. नंतर ती कधी सोलापूरला आली नाही. कंडम होऊन भंगारात गेली असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं.

"नंबर वाचला तुम्ही?" मी विचारलं.

"नंबर कुटला वाचतोय, डोळ्याची ही तऱ्हा. पर तीनचं पोट बगितलं की! माजंच हाय ते."

युसुफभाई हसले. "क्या मामू! पस्तीस बरसात ती किती दफा रंगवली असंल. तुमचा तीन राहील होय?"

"रंगवत्यात की. पर जुन्या रेगंवरनंच. तशी रीतच हाय आमच्यात."

"रीत!" युसुफभाई म्हणाले, "तुम्ही दुसऱ्यांचे आकडे खरवडून टाकतात, आणि दुसऱ्यांनी तुमचा जपून ठेवावा?"

थट्टाच होती ती, पण मामा मान खाली घालून नखांतला रंग उकरायला लागले. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "वाद कशाला? चालत्या गाडीचा नंबर वाचणं हे माझं कामच आहे. आज संध्याकाळी बघून येतो."

गेलो. नववी वाघीण आली. तिच्यावरची अक्षरं धुळीनं माखलेली होती, नंबराचा पट्टा तेवढा स्वच्छ. आमच्यासारखेच कुणी नंबर टेकर हातातल्या फडक्यानं तेवढाच भाग पुसत असतात. वाघीण दोन सेकंद दिसली न दिसली तोच नायकाचं डोकं आड आलं. मला एकच आकडा धरता आला, डावीकडचा पहिला. तो सात होता. मंगळवारी दुपारी मी कडुनिंबाखाली बसायच्या आधीच जाहीर केलं, "मामा, पहिला आकडा सात आहे. तुमचा तीन. पुढचं बघायचं कारणच नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "तू म्हंतोस म्हंजे बरोबर आसंल," म्हणाले. "डोळंच गेल्यात माजे." हुरड्याचा घास हातात होता तो तसाच पोत्यावर ठेवला, आणि उठून सिक लाइनीत गेले. बुधवारी ते झाडाखाली आले नाहीत. त्यांच्याशिवाय निखारे कुणी आणेना. आम्ही तिघं शेंगाचटणी आणि भाकरी खाऊन उठलो.

त्या रात्री मी घरी बायकोला, मालनला, सगळं सांगितलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मला वाटलं, ती माझ्या नजरेचं कौतुक करील. ती म्हणाली, "तुमचं बरोबर असंल हो. पर येवढ्या मोठ्यांदा बरोबर असायची काय गरज होती? महिना संपला की ते जाणार. शेवटच्या महिन्यात माणसाला त्याचे डोळे गेलेत म्हणून सांगायचं होय?" मी तिला म्हणालो, मी डोळ्यांचं काही म्हणालोच नव्हतो. ती म्हणाली, "तेच म्हणालात."

खेळ गुरुवारी उतरणार होता. शुक्रवारी नवा लागला की ती वाघीण कुणालाच कधी दिसणार नव्हती. गुरुवारी सकाळी युसुफभाई ड्यूटीवरून उतरले ते सरळ माझ्याकडे आले. त्यांनाही चैन पडत नव्हतं. थट्टा आपण सुरू केली हे त्यांच्या मनाला लागलं होतं. कल्पना त्यांचीच. "चार आकडे हैं, चार आदमी जमवू. एकेकानं एकेक आकडा धरायचा. बाकी इधर-उधर बघायचं नक्को. दो सेकंदात एक आकडा तर कोई भी पढ़ सकता." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नरसय्यानं मागावर पोट दुखतंय म्हणून सांगितलं. चौथी मालन.

तीनचा खेळ. गुरुवार म्हणून हॉल निम्मा रिकामा. आम्ही चौघं एका रांगेत. मालननं पहिला आकडा, मी दुसरा, युसुफभाईंनी तिसरा, नरसय्यानं शेवटचा. प्रसंग आला, आणि आम्ही कुजबुजत मोजायला लागलो. एक, दोन, तीन. पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावून रडत होत्या. त्यातल्या एकीनं वळून बघितलं आणि म्हणाली, "काय माणसं हायत! हितं जीव चाललाय आन् ही आकडे मोजत्यात." सहा, सात, आठ. नववी आली. मी आयुष्यात कुठल्याही गोष्टीकडे इतकं टक लावून बघितलं नसेल. आठ होता.

खेळ अर्धाच सोडून बाहेर आलो आणि शेंगावाल्याच्या शेजारी भिंतीपाशी उभे राहिलो. नरसय्याच्या खिशात खडू होता, मापाच्या खुणा करायचा. भिंतीवर मी लिहीत गेलो. मालन म्हणाली सात. मी आठ. युसुफभाई चार, "पण माझा चष्मा बदलायला झालाय, चार जरा कैसा तो दिसला." नरसय्या म्हणाला तीन.

सात-आठ-चार-तीन. म्हणजे माझंच खरं होतं. पहिला आकडा सात. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मग मालनच म्हणाली, "आकडे तर सगळे मामांचेच आहेत की. रांग तेवढी उलटी."

"तीन बी उलटाच होता," नरसय्या म्हणाला. "पर त्येचं काय येवडं."

"उलटा म्हणजे?"

"उलटा म्हंजे पाठीमागनं. उघडी बाजू उजवीकडं." आणि आम्ही आ वासून बघतोय हे बघून तो गोंधळला. "आमी चादरीत नाव विणतो की न्हाय? मागावर अक्षरं आमाला उलटीच दिसत्यात. रोज तेच बगतो मी. मला वाटलं तुमाला म्हाईत हाय."

युसुफभाईंनी कपाळावर हात मारला. "माझा चारही उलटा होता! मला वाटलं चष्मा!" मालन म्हणाली, सातही कसा तरी होता, पण ती काही रेल्वेची नव्हे, म्हणून बोलली नाही. एकट्या माझाच आठ सरळ होता, कारण आठ उलटा केला तरी आठच. मग मालननं खालच्या आवाजात एक गोष्ट कबूल केली. तिनं सगळा वेळ आकड्याकडे बघितलं नव्हतं. थोडं नायकाकडे बघितलं होतं. "त्याचा खिसा उजवीकडं गेला होता," ती म्हणाली. ती शिवणकाम करायची. "आधीच्या सगळ्या प्रसंगात डावीकडं, आणि तेवढ्या वेळापुरता उजवीकडं. मी म्हटलं असा कसा शर्ट शिवला."

सिनेमा जोडताना फिल्मची पट्टीच उलटी लावली होती. त्या प्रसंगात सगळं जगच आरशात बघितल्यासारखं होतं. डावीकडून पहिला म्हणून मी जो वाचला तो शेवटचा होता. चालत्या गाडीचा नंबर न चुकता टिपणारा मी, मला सात उलटा आहे हेसुद्धा दिसलं नव्हतं. डोळ्यांनी बघितलं होतं ते सवयीनं सरळ करून घेतलं होतं, आणि त्या जोरावर एका म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडलं होतं.

"तीनचं पोट कसं होतं?" मी नरसय्याला विचारलं.

"लई मोठं," तो म्हणाला. "खालचं."

आम्ही तसेच यार्डात गेलो. पाच वाजत आले होते. मामा सिक लाइनीत एका उलट्या बादलीवर बसून रॉकेलनं ब्रश धूत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मामा, माझं चुकलं. वाघीण तुमचीच आहे." काय कसं झालं ते चौघांनी एकदम सांगायला सुरुवात केली, त्यामुळे त्यांना काहीच कळलं नाही. शेवटी नरसय्यानं खाली बसून धुळीत बोटानं तीन काढला, पडद्यावर बघितला तसा उलटा. मामांनी मान वाकडी करून तो बघितला. मग उठून पलीकडच्या बाजूला गेले आणि तिकडून बघितला.

"किती मोटं पोट? येवडं?"

"येवडंच."

"कडा फाटली न्हवती?"

"न्हाय मामा. साफ होती."

"चांगलं जेवलंय," मामा म्हणाले. हातातलं फडकं त्यांनी डोळ्याला लावलं आणि लगेच ओरडले, कारण ते रॉकेलचं होतं. युसुफभाईंनी पाणी आणलं. डोळे धुता धुता मामा हसत होते, की रडत होते, हे पाण्यामुळं कुणालाच ठरवता आलं नाही. नंतर म्हणाले, "म्हंजे पस्तीस वर्सं जपला की रं कुनीतरी. धा जनांनी तरी रंगवला आसंल. येकानं बी खरवडला न्हाई." हे त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज बदलला होता, तो का, ते मला तेव्हा कळलं नाही.

मी पुढं पुष्कळ वर्षं यार्डात काढली. लाकडी वाघिणी गेल्या, वाफेची इंजिनं गेली, नंबर टेकरची पेन्सिलसुद्धा गेली. युसुफभाई आणि नरसय्याही आता नाहीत. मालन आहे, आणि आठ म्हटलं की अजून हसते. परवा हुरडा खाताना ही सगळी गोष्ट मी नातीला, सईला, सांगितली. तिनं पाच मिनिटांत तो चित्रपट फोनवर काढून दाखवला. नेमक्या जागी बोटानं थांबवला. "बघा आबा, आता कितीही वेळ बघा." मी चष्मा लावून बघितलं. प्रिंट इतकी जुनी, की वाघिणीवर एक पांढरा धब्बा तेवढा दिसत होता. "यात तर काहीच दिसत नाही," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं. मला वाटलं नाही. आम्ही चौघांनी जे बघितलं ते निम्म्या रिकाम्या हॉलमध्ये, कुजबुजत मोजत, एकदाच बघितलं. एवढा चांगला सिनेमा मी पुन्हा बघितला नाही.

आणि खरं सांगायचं तर मला त्या वाघिणीपेक्षा दुसरीच एक वाघीण आठवते.

जानेवारीचा शेवटचा दिवस. मामांचा नोकरीतलाही शेवटचा. ऑफिसात हार-नारळ झाला, चहा झाला, आणि मामा घरी न जाता सिक लाइनीत परतले. एक वाघीण राहिली होती. कुठल्या तरी लांबच्या रेल्वेतली, नंबर उन्हानं पार उडालेला. मी तिचा नंबर लिहून घ्यायला गेलो होतो, तो तिथंच उभा राहिलो. साचे खिळ्याला तसेच लटकत होते. मामांनी ब्रश रंगात बुडवला, डबीच्या कडेला निथळला, चांगला डोळा वाघिणीजवळ नेला आणि पहिल्या आकड्यावरून हात फिरवायला सुरुवात केली. दुसरा, तिसरा. चौथा आकडा पाच होता. फारच वाईट पाच. टोपी वर उडालेली, पाठ खचलेली, आणि शेपूट मध्येच थरथरून पुढं गेलेलं. मला वाटलं, आता मामा पत्र्याचा तुकडा शोधणार. तुकडा तिथंच बादलीपाशी पडला होता.

त्यांनी तो उचलला नाही. त्या वाकड्या टोपीवरून ब्रश तसाच वाकडा नेला. पाठ खचली होती तिथं खचवली. शेपूट थरथरलं होतं त्या जागी क्षणभर थांबले, आणि आपला पस्तीस वर्षांचा सराईत हात मुद्दाम, सावकाश, तसाच थरथरवत पुढं नेला.

"मामा," मी म्हणालो, "हा पाच? हा तर तुम्ही खरवडून टाकता. तुमचा का नाही घातलात?"

ते दोन पावलं मागं सरकले. ओल्या रंगातला तो वेडावाकडा पाच उन्हात चमकत होता.

"ऱ्हाऊ दे रं," ते म्हणाले. "कुनाचा तरी पयला आसंल."